देवाला सोडलेला मासा

भगवानरावांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची होती. कळपाभोवती वाघरीची जाळी ताणून धोंडीबा खुंटी ठोकत होता, तेवढ्यात फोन वाजला. पोराचा होता.

"बा, माय हाय का जवळ?" रामकिशनने विचारलं.

धोंडीबाने चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बायकोकडे पाहिलं. "विचारायलाय, तू हाईस का जवळ."

"न्हाई म्हणावं," कासाबाई म्हणाली.

"न्हाई म्हणायलीय."

दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं. रामकिशन अंदमानला एका बोटीवर कामाला लागला होता. शेठलोक तिथं म्हशीएवढे मासे गळाला लावायला येतात. माशाने ओढून नेऊ नये म्हणून रामकिशन शेठलोकांना खुर्चीला पट्ट्यानं बांधतो आणि पाणी पाजतो. कासाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकरणीचं लेकरू जीव मारायलंय म्हटल्यावर तिने बोलणंच टाकलं. घरचे एडके बाजारला गेल्यावर पुढं कुठं जातात, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तेवढा तिचा आणि देवाचा समझोता होता. समुद्राशी तसला काही नव्हता.

मधल्या मधे धोंडीबाला निरोप्याची नोकरी लागली. माय काय म्हणती, असं पोराने विचारलं की तो पदरचे दोन गोड शब्द घालायचा. कासाबाई रोज फोनकडे तोंड करून निजते, हे मात्र त्याने पोराला सांगितलं नव्हतं. कासाबाईलाही नव्हतं.

"बा, आज तिला दाखवच," रामकिशन म्हणाला. "आमी मारत न्हाई. धरून सोडतो."

"एवढा जीव काढून धरायचा अन् सोडायचा?" कासाबाई चुलीला म्हणाली. "येडी समजतो का मला?"

धोंडीबाने फोन पिठाच्या डब्याला टेकवला, तिकडे पोराने बोटीच्या कठड्याला बांधला. पडद्यावर दिल्लीचा एक शेठ खुर्चीत दातओठ खात होता. लांब पाणी फुटलं आणि मासा उभाच्या उभा वर आला. निळाशार. नाकाला भाला. इकडे सगळी मेंढरं गप्प झाली. तो योगायोग होता.

भगवानराव गाडी लावून आले. "कुणाची कुस्ती?"

"दिल्लीची अन् माशाची."

भगवानराव मांडी घालून माशाच्या बाजूने बसले.

कासाबाईची पाठ फोनकडेच होती, पण भाकरी करपायला लागली होती. शेवटी ती गर्रकन वळली. "आरं ढिल दे की मेल्या! तोंड फाटंल त्याचं!"

हे शेठला होतं. शेठशी बोललेलं चालत होतं.

मासा बोटीला लागला. रामकिशन काठी घेऊन वाकला आणि त्याने माशाच्या पाठीत पिवळं काहीतरी टोचलं.

"मारला!" कासाबाई ओरडली.

पण रामकिशनने गळ काढला. बोट हळूहळू चालत राहिली आणि तो माशाचा भाला दोन्ही हातांनी धरून त्याला पाण्यातून नेत राहिला, चालायला शिकवल्यासारखा. माशाने शेपूट हलवली. रामकिशनने हात सोडले. मासा गेला.

"ते पिवळं काय टोचलं, विचारा," कासाबाई नवऱ्याला म्हणाली.

"खूण हाय," पोरानेच सांगितलं. "कुठं बी घावला तरी कळतं, हा सोडलेला हाय."

कासाबाई उभीच राहिली. त्यांच्यात दरसाल एक एडका देवाच्या नावानं सोडतात, कानात पिवळा दोरा घालून. मग तो कुणाच्याही रानात शिरो, कुणी काठी उगारत नाही. भगवानरावांनी निम्मा हरभरा असाच हात जोडून घालवला होता.

"देवाला सोडायलेत की," ती म्हणाली.

ती खूण मासे कुठं फिरतात ते बघणाऱ्या साहेबलोकांसाठी असते, हे धोंडीबाला पोराने मागेच सांगितलं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि त्यात भाकरीचा तुकडा घातला.

कासाबाईने फोन उचलला. "रामकिशन."

"काय, माय?" पोरगा फोनकडे धावला.

"भंडारा लावला का त्याला?"

"न्हाई."

"दीडशहाण्या! कोण्या देवाचा समजंल कुणी?"

"हळद हाय, माय. कालवणातली."

"उधळ मग. त्या शेठला बी लाव."

मोठा मासा धरल्यावर अंदमानात हीच रीत असणार, असं समजून शेठने मुकाट्याने कपाळ पुढं केलं. चिमूटभर हळद पाण्यावर उडाली. भगवानरावांनी इकडे पेडगावच्या शिवारातून "येळकोट येळकोट" केलं. शेठनेही काहीतरी केलं.

कासाबाई फोन घेऊन बांधावर जाऊन बसली. धोंडीबाची नोकरी गेली होती, तरी तो सवयीने मागे जाऊन उभा राहिला.

"एवढा वाकतूस पाण्यावर," ती विचारत होती, "मागून कंबरंला कुणी धरतं का न्हाई तुला?"

"न्हाई, माय."

"मग त्या शेठला सांग धरायला. रिकामाच बसलाय."