बिनपक्षाचं बेट

प्राध्यापकांनी चमचा कपावर वाजवला आणि बायकोचा वर गेलेला हात खाली करायला लावला.

"सलग तिसऱ्यांदा तू माझ्या बाजूने. याला गट म्हणतात. आज पुढच्या विषयावर तुला मत नाही."

"अहो, पडद्याचा रंग तुम्ही म्हणालात तोच मला आवडला. त्यात कसला आलाय गट?"

"पक्षाची सुरुवात अशीच होते."

निवृत्त झाल्यापासून ते एक बेट रचत होते. त्याचा नकाशा खोलीच्या भिंतीवर होता: नदी, बंदर, मधोमध गोल सभागृह. बेटावर पक्ष नव्हते, पुढारी नव्हते, आणि माणसंही नव्हती. म्हणून मग नियमांची परीक्षा घरच्यांवर. रविवारी सकाळी चहा घेता घेता सभा भरायची. मुलगा, सून, मुलगी आणि बायको हात वर करून मत देत. प्राध्यापक अध्यक्ष. ते आपलं म्हणणं आधी सांगत, पण त्यांचा हात बरोबरी झाली तरच वर जायचा.

मुलगा आणि सून त्यांचे लाडके नागरिक होते. पंखा असो, भाजी असो, नवराबायकोचं कधी जुळायचं नाही. आज पडद्यावरूनही जुंपलीच होती.

"एका खोलीत राहून विळ्या-भोपळ्याचं सख्य! याला म्हणतात स्वतंत्र बुद्धी," प्राध्यापक बायकोला ऐकवत. "शीक जरा."

"हं, पुढचा विषय?" त्यांनी विचारलं.

मुलाने घसा खाकरला.

"बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं. मी पाहून आलोय, चांगला आहे. मला घरी ऑफिससाठी खोली हवीय. आई इथेच राहील."

मुलीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"दादा, वेड लागलंय का तुला?"

"हात वर करून सांगायचं," सून हळूच म्हणाली आणि तिने हात वर केला. मुलाचाही वर गेला. विरोधात मुलगी एकटी.

प्राध्यापक हसले. बाकी कुणी हसलं नाही.

"थांबा. हिचं मत धरा. दोन-दोन झाले की निर्णय माझा."

"आईंचं मत तुम्हीच काढून घेतलंत ना, बाबा?" सून म्हणाली. " एकासाठी नियम वाकवला की राज्य बुडतं, हेही तुमचंच."

"आणि तुम्ही दोघं? हा गट नाही?"

"आज पहिल्यांदाच तर एकमत झालं आमचं," मुलगा म्हणाला. "तीनदा व्हावं लागतं."

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पंखा, भाजी, पडदे. इतके महिने ही दोघं भांडत नव्हती, दबा धरून बसली होती. आणि शहाण्या माणसाने शाबासक्या देत देत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. मुलगी रडत उठून गेली.

संध्याकाळी बायको त्यांची बॅग भरायला बसली. ते पलंगाच्या कडेला टेकले.

"चुकलं माझं. सकाळी तुझा हात खाली केला नसता, तर वाचलो असतो."

तिने स्वेटरची घडी घातली.

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "पडद्याला हात वर करायला काय जातं?"

मग तिने भिंतीवरचा नकाशा उतरवला. बॅगेत मावेना, तेव्हा मधोमध दुमडून स्वेटरखाली सरकवला.