खिट्टीचा रहाट

मित्रांनो, गोठ्याच्या मागे, तुरीच्या काड्यांच्या ढिगाला टेकून पडलेले ते लाकडी धूड म्हणजे मी. माझे आरे अजून शाबूत आहेत, पण दात काढून घेतले आहेत. एके काळी मी रहाट होतो, आणि रहाटही साधासुधा नव्हे. माझ्यासारखा रहाट तेव्हा समुद्रपूरच्या बाजूला दुसरा नव्हता.

मला नत्थूने घडवले. तो हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रांच्या दुरुस्तीवर होता. त्याची बायको जयवंता त्याच जिनात यंत्राला कापूस लावायची. एका हंगामात तिचा उजवा हात रुळांत ओढला गेला आणि अंगठ्याखेरीज सगळी बोटे गेली. त्यानंतर ती गावी राहिली. स्वयंपाक, सारवण, निंदण, सगळे तिने डाव्या हाताने शिकून घेतले. एक गोष्ट मात्र तिला जमेना. विहिरीतून भरली बादली एका हाताने ओढणार कशी? हात बदलायला दोर सोडला की बादली खाली. मग ती घागर घेऊन काठावर उभी राहायची, कोणीतरी येईपर्यंत.

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीने स्वतःची विहीर खोदली. पाणी लागले तसे नत्थूने मला करायला घेतले. बाभळीची लाट, म्हणजे आडवा गोल ओंडका, तिच्या टोकाला सागाचे आरे, आणि लाटेवर गुंडाळलेला दोर. आरे एकेक करून खाली ओढले की दोर गुंडाळत जाई आणि बादली वर येई. इथपर्यंत मी चारचौघांसारखाच होतो. पण लाटेच्या दुसऱ्या टोकाला त्याने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचे लोखंड कापून दात बसवले आणि त्यांच्यावर एक खिट्टी टांगली. बादली वर ओढताना खिट्टी दातांवरून कटकट करत सरके, आणि हात सोडला की दातात अडकून बसे. बादली जिथल्या तिथे थांबे. बादली खाली सोडायची असेल तर पायाखाली एक फळी होती. तिच्यावर पाय दिला की खिट्टी उचलली जाई.

पहिल्या दिवशी जयवंताने एक आरा ओढला आणि घाबरत घाबरत हात सोडला. बादली हलली नाही. तिने दुसरा आरा धरला. घागर भरली तेव्हा ती नत्थूला एवढेच म्हणाली, "आता मी कोनाची वाट पाहात नाई."

दोन उन्हाळे मी तिला पाणी दिले. गिरडच्या टेकडीवर दर्शनाला जाणारे लोक वाट वाकडी करून मला बघायला येत. कोणी खिट्टीला हात लावून पाही, कोणी उगाच फळी दाबून पाही. शेजारचा चंद्रभान तर पाहुण्यांना मुद्दाम घेऊन यायचा आणि मला त्यानेच घडवल्यासारखे अभिमानाने सांगायचा. जयवंता दर आठवड्याला माझ्या आसाला जवसाचे तेल घालायची. त्यामुळे माझा आस कधी कुरकुरला नाही. मित्रांनो, मी कुरकुरलो असतो, जड फिरलो असतो, तर किती बरे झाले असते, असे आज वाटते.

बुद्धजयंती तोंडावर आली होती. वस्तीत भिंती सारवणे चालू होते, आणि विहिरीजवळ पोरे ढोल-लेझीम बसवत होती. चंद्रभान सभेच्या ओट्यासाठी माती भिजवत होता. त्याला बादल्यांवर बादल्या पाणी लागे. दर खेपेला फळीवर पाय देऊन उभे राहण्याचा त्याला कंटाळा आला. त्याने सुतळी घेतली, खिट्टी वर उचलली आणि खांबाला करकचून बांधून टाकली. त्याचे दोन्ही हात धडधाकट होते. त्याचे काम भराभर झाले. ओटा लिंपायला तो गेला, आणि सुतळी तशीच राहिली.

मला ती दिसत होती. वारा यावा, गाठ सुटावी, कोणाची तरी नजर पडावी, असे मला वाटत होते. गाठ चंद्रभानची होती. ती सुटणारी नव्हती.

थोड्या वेळाने जयवंता घागर घेऊन आली. बादली खाली सोडायला ती पुढे झाली. फळीवर पाय देताच ती थबकली, कारण फळी ढिली लागली होती. तिने खाली वाकून फळीकडे पाहिले. आणखी थोडी मान वळवली असती, तर सुतळी तिच्या डोळ्यांसमोर होती. तेवढ्यात चंद्रभानची बायको तानाबाई ओट्याकडून ओरडली, "वयनी, पानी आनता का? माती वाळून राह्यली."

"आनते," जयवंता म्हणाली. तिने बादली खाली सोडली आणि आरे ओढू लागली.

कटकट होत नव्हती. पण ढोल इतके जोरात वाजत होते की असती तरी ऐकू आली नसती. एक आरा तिने नेहमीसारखा पूर्ण खाली आणला आणि दुसरा धरायला हात सोडला.

मी उलटा फिरलो. भरल्या बादलीने मला ओढले, आणि थांबणे माझ्या हातात नव्हते. माझ्या आऱ्याचा तडाखा तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली बसला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या लाकडात जाणवला. ज्या हातासाठी मला घडवले होते, तोच हात मी मोडला.

तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले. नत्थू जिनातून आला तेव्हा चंद्रभान माझ्याजवळच बसून होता. सुतळी त्याच्या हातात होती.

"मीच बांधली होती, नत्थूदादा," तो म्हणाला. "सोडाले इसरलो."

पुढे जयवंता घरी आली, त्या दिवशी नत्थूने मला विहिरीवरून उतरवले आणि कुऱ्हाड आणली.

"तोडू नका," ओसरीवरून जयवंता म्हणाली.

"ह्याच्यानंच तुहा हात गेला."

"ह्याच्यानंच मले दोन उन्हाळे कोनाले पानी मागा नाई लागलं."

नत्थूने कुऱ्हाड खाली ठेवली. मी गोठ्यामागे आलो. इथून मला त्यांची ओसरी आणि विहीरही दिसते. हाड जुळले, पण हातात जोर आला नाही. तानाबाई सकाळ-संध्याकाळ तिचे पाणी भरून देते, कुरकुर न करता. पण दुपारी जयवंता भरल्या घागरीशेजारी तहानलेली बसून असते. घागर तिला कलंडवता येत नाही, आणि हाक मारणे तिला आवडत नाही. मी बघत राहतो. दुसरे मी काय करणार?

दिवाळीनंतर गिरडचा प्रेमदास आला. त्याची म्हातारी आई एकटीच पाणी भरायची. त्याला माझ्यासारखा रहाट हवा होता. नत्थूने हात जोडले. "मले सांगू नका. पुन्हा कोनाचा हात गेला तर?"

"बनवा तुमी," जयवंता म्हणाली. "पन खिट्टीवर पेटी ठोका. कोनाले बांधताच येनार नाई अशी."

नत्थूने माझे दात आणि माझी खिट्टी काढून नव्या रहाटाला बसवली. वर लाकडी पेटी ठोकली गेली. गिरडला नेण्याआधी त्यांनी तो आमच्याच विहिरीवर लावून पाहिला. जयवंताला आरा ओढता येईना, म्हणून नत्थूने ओढला. ती अगदी जवळ उभी राहिली.

"सोडा," ती म्हणाली.

नत्थूचा हात सुटेना.

"सोडा म्हनते ना."

त्याने सोडला. रहाट जागचा हलला नाही. "अजून एकदा," ती म्हणाली. बादली वर येईपर्यंत ती प्रत्येक आऱ्याला तेच म्हणत राहिली.

मित्रांनो, माझे आयुष्य एवढेच. माझी एक विनंती ऐका. घाईत तुम्ही एखादी खिट्टी बांधाल, एखादे झाकण काढून ठेवाल, एखादा खिळा उपसाल. तुमचे काम तेवढ्याने होऊनही जाईल. तुमच्या मागून कोण येणार आहे ते आम्ही बघत असतो, पण आम्हाला सांगता येत नाही. म्हणून जाण्याआधी तुम्हीच एकदा मागे वळून बघा.