पुष्पाची चूक

"चला, खुर्च्या बदला!" कपिल सरांनी टाळी वाजवली आणि जीवनच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे आता की-बोर्ड पुष्पाकडे.

पुसदच्या बसस्टँडमागच्या त्या क्लासमध्ये महिनाभरात सी लँग्वेज शिकवायचे. सकाळी बसायचं ते संध्याकाळीच उठायचं. एका कॉम्प्युटरवर दोघं. एकाने टाईप करायचं, दुसऱ्याने शेजारी बसून चुका धरायच्या. जीवनने जोडीला बायकोला आणलं ते निव्वळ सोय म्हणून. पुष्पा बी.ए. झालेली, स्वभावाने गप्प. ती शेजारी बसून मान हलवेल, प्रोग्राम आपण लिहू, असा त्याचा हिशोब.

हिशोब पहिल्याच आठवड्यात फसला. सर फळ्यावर अर्धं लिहीत तोवर उरलेलं पुष्पा पुटपुटत असे. जीवन वर्षानुवर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेला माणूस, तांड्यातली निम्मी पोरं त्याच्या हाताखालून गेलेली. त्याची बोटं की-बोर्डवर नाचत. पण नुसतं नाचून काय उपयोग, प्रोग्राम चालायला हवा ना! तो पुष्पाचा चाले.

शिवाय टायपिंगची सवय सुटेना. अर्धविराम दिला की एक जागा सोडायची, हे त्याने शेकडो पोरांना घोकवलेलं. सी लँग्वेजमध्ये तर ओळीओळीच्या शेवटी अर्धविराम. त्यामुळे जीवनच्या प्रत्येक ओळीमागे एक रिकामी जागा उरे.

"जीवनभाऊ, ही सीट कोणासाठी राखून राह्यले?" सर थट्टा करत. त्या जागेने काही बिघडत नव्हतं, म्हणून सवयही तशीच राहिली.

बिघडत होतं ते दुसरंच. पोरं उठून थेट पुष्पाकडे येत. "वैनी, हे कसं केलं, सांगा ना." वैनी सांगे, हसून सांगे. जीवन शेजारी बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडे, लावे. त्याला हेवा वाटत होता, दुसरं काही नाही. शेजाऱ्याचा हेवा वाटला तर माणूस चारचौघांत बोलून मोकळा होतो. बायकोचा वाटला तर सांगणार कोणाला? ती खुशीत जेवायला बसली की त्याला घास गोड लागेना.

आणि जागा एकच होती. क्लास संपला की एकाला इथंच शिकवायला ठेवणार, असं सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. इन्स्टिट्यूट बंद पडल्यापासून जीवनला कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. ती जागा त्याला हवी होती. पुष्पालाही हवी होती, पण ती तसं बोलली नव्हती. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपापला प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा होता. पुष्पाने तांड्यातल्या टँकरचा केला होता. आज पाणी कोणत्या घराला, उद्या कोणत्या, तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या घरापासून शेवटच्या झोपडीपर्यंत नावं ओळीने येत. आदल्या दिवशी चालवला तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या.

चहाच्या सुट्टीत सगळे टपरीवर गेले. पुष्पा नळावर डबे धुवायला गेली. खोलीत जीवन एकटा उरला आणि त्याची बुद्धी फिरली. पुढच्या घराकडे नेणारी ओळ त्याने पुसली; त्या जागी पुन्हा पहिल्याच घरावर आणून सोडणारी ओळ टाकली. मग बाहेर येऊन त्याने पुष्पासाठी स्वतःच्या हाताने चहा आणला. ती किती खूश झाली!

पुष्पाची वेळ आली. तिने बटण दाबलं. पडद्यावर नायकाचं नाव आलं. त्याखाली पुन्हा नायकाचं. मग नायकच नायक, पडदा भरून वाहू लागला.

"घ्या! सारं पानी नायकालेच!" मागून कोणीतरी ओरडलं आणि खोली हसली.

पुष्पाने प्रोग्राम थांबवला. ती ओळ तिला लगेच सापडली. तिने कर्सर शेवटी नेला. तो अर्धविरामाला लागून थांबला नाही, एक जागा सोडून थांबला.

तिने मान वळवून जीवनकडे पाहिलं.

"काय झालं पुष्पाताई? काल तर मस्त चालला होता," सर म्हणाले.

ती अजून त्याच्याचकडे पाहत होती. जीवन खाली मान घालून चपलेचा पट्टा नीट करू लागला.

"मीच ऐनवेळी एक ओळ बदलली, सर," पुष्पा शेवटी म्हणाली. "माझी चूक झाली."

"दाखवायच्या आधी एकदा चालवून पाहायचं असते ना? पोट्ट्यायले पह्यलं हेच तर शिकवायचं हाये." सर हळहळले, पण हळहळून काय! जीवनचा साधाच प्रोग्राम बिनचूक चालला, आणि संध्याकाळी जागा जीवनला मिळाली.

तांड्याच्या वाटेवर दोघं उतरले तेव्हा त्याने विचारलं, "तू बोलली काहून नाही?"

"तांड्यातले पोट्टे बसले होते. त्यायच्यासमोर काय म्हनू, नवऱ्यानं नासवलं म्हनून?" ती चालत राहिली. "मले वाटलं, तुमीच उठान. लय वाट पायली."

घरी त्याच्या आईने, बसंतीबाईने, पोरगा पुन्हा सर झाला म्हणून शेजारीपाजारी गूळ वाटला. पुष्पाने तो वाटायला मदत केली.

सोमवारी सकाळी तिने त्याचा डबा भरला आणि कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली.

"तू बी चाल ना," जीवन म्हणाला. "सरायले मी सांगतो. दोघं मिळून शिकवू."

"बाया थांबल्या हायेत," ती म्हणाली आणि गेली.

जीप भरली होती. इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या एका पोराने उठून त्याला जागा दिली. "बसा, सर." तांडा मागे पडला, रस्त्याकडेचं शेत आलं. बाया ओळीने वेचत होत्या. पुष्पा सगळ्यांच्या पुढे होती, दोन्ही हातांनी भराभर वेचत. जीपचा आवाज ऐकून बाकीच्यांनी वर पाहिलं, तिने पाहिलं नाही.

"सर, थ्या वैनी ना?" पोराने विचारलं.

"हो," जीवन म्हणाला आणि मांडीवरचा डबा त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला.