सावली उजवीकडे पडते

थोरल्या नातीचे पुढचे दात पडले, त्या वर्षीची ही गोष्ट. आबा गवंडी. आयुष्यभर खिशात ओळंबा घेऊन हिंडले, पण कुणाच्या कामाला ‘बरं आहे’ म्हणून म्हणाले नाहीत. सुनेचा जीव मात्र त्या एका ‘बरं’वर अडकला होता.

सून संगणकावर चित्रं काढायची. त्रिकोण, चौकोन, अर्धगोल. जणू रंगीत कागद कापून थरावर थर ठेवलेत. पहिलं मोठं चित्र तिने बैठकीतल्या टीव्हीच्या पडद्यावर लावलं आणि आबांना समोर बसवलं.

आबांनी वरचा त्रिकोण नखाने उचकटून पाहिला. “डिंक चांगला वापरलास.”

“आबा, यात कागदच नाही.”

“मग सावली कुणाची पडलीय?”

सून वाकून चित्राकडे बघू लागली.

“आणि पडलीय उजवीकडे. म्हणजे उजेड डावीकडून. आपली खिडकी तर उजवीकडे. सूनबाई, तुझं चित्र धडधडीत खोटं बोलतंय.”

सुनेचं तोंड एवढंसं झालं. ती तशीच कामावर गेली. ते एवढंसं तोंड काही आबांच्या डोळ्यांपुढून हलेना. पोरीने जीव ओतलाय, चुकली असेल तर खिडकीच! त्यांनी छिन्नी-हातोडा काढला.

सून परतली तेव्हा घरभर धूळ, सासूबाई डोक्याला हात लावून बसलेल्या, आणि डाव्या भिंतीला सुरेख चौकोनी भोक. भोकातून शेजारीण डोकावत होती, हातात उलथनं.

“आबा, मीठ हवं होतं तर दारातून मागायचं!”

ती भिंत दोन्ही घरांची मिळून होती, हे आबा घाईत साफ विसरले होते.

“अहो आबा,” सून म्हणाली, “मी एका बटणात सावली फिरवली असती!”

“सावली कशाला फिरवायची? उजेड फिरवायचा.” आबा भोकाकडे वळले. “अगं, तेवढा दिवा लाव.”

“आणि माझी भिंत?”

“आधी लाव, मग भांड.”

शेजारणीने दणकन बटण दाबलं. खुर्चीची सावली उजवीकडे पडली. त्रिकोणांची तर होतीच. आबांनी एक डोळा मिटून चित्रापुढे ओळंबा धरला.

“बरं आहे,” ते म्हणाले.

सून रडायलाच लागली. शेजारीणही रडली, पण भिंतीसाठी.

पुढे भोकाला झडप बसवली. पाहुणे आले की आबा तिच्यावर टकटक करायचे, “दिवा लाव गं, चित्र दाखवायचंय!” शेजारीण बडबडत लावायची.

नातीला नवे दात आले, त्या हिवाळ्यात आबा वारले.