पालथे माप

मित्रांनो, मी एक जुने पितळी माप आहे. दारू मोजण्याचे. नाक मुरडू नका. दूध मोजणे नशिबी आले असते तर मलाही आवडले असते, पण तांबटाने घडवताना मला कोणी विचारले नाही.

एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी म्हाताऱ्या मालकांचा गुत्ता होता. खाली चार बाकडी आणि सांडून सांडून काळी पडलेली लाकडी फळी, वर त्यांचे घर. पोट दारूवर चालत असले तरी त्या घरात कोणी थेंबाला शिवत नसे.

मालकांचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकाला पुरे झाली असे वाटले की ते मला त्याच्यासमोर फळीवर पालथे घालत. तोंडाने काही बोलत नसत. मग तो गाडीवान असो की मास्तर, मुकाट्याने उठून घरी जाई. दुपारी कामावर परतणाऱ्याला तर दोनच मापे मिळत. गल्लीतल्या बायका गुत्त्याला शिव्या देत, आणि नवरा पिणारच असेल तर इथेच पिऊ दे, असेही म्हणत. ते मी माझे कौतुकच समजत असे.

थकल्यावर मालकांनी मला मुलाच्या नव्हे, सुनेच्या हाती दिले. मुलगा भिडस्त, त्याला कोणाला नाही म्हणवत नसे. सून खमकी. तिने चुलतसासऱ्यांपुढेही मला पालथे घातले, आणि एकदा स्वतःच्या धाकट्या भावापुढे. तो गवंडी होता. चार सोबत्यांदेखत बहिणीने असे केले याचा त्याला इतका राग आला की तीन वर्षे तो तिचा उंबरा चढला नाही. ती ताठ राहिली, पण मला घासताना कधी कधी तिचे डोळे भरून येत.

चौथ्या वर्षी पलीकडच्या शाळेचा दुसरा मजला चढू लागला. भिंतीला बाहेरून लाकडी परांची बांधली होती, तिच्यावर उभे राहून गवंडी काम करत. एका दुपारी तो भाऊ दारात येऊन उभा राहिला. हातात थापी, केसांत चुना. तिने हाताने बाकडे पुसून दिले. तो दोन मापे प्यायला. आईच्या आठवणी काढून दोघे पोटभर हसली. मग त्याने पेला पुन्हा पुढे सरकवला.

तिने मला उचलले. तिची बोटे माझ्या कानाभोवती घट्ट झाली, आणि मी पालथे होण्याची वाट पाहू लागले.

"ताई, आजच्या दिवस नको गं," तो म्हणाला.

तिने मला भरले. खरे सांगते मित्रांनो, मलाही तेव्हा बरे वाटले. इतक्या दिवसांनी घरचे माणूस आले होते. संध्याकाळी जेवायलाच येतो, असे सांगून तो गेला. तिने चुलीवर त्याच्या वाट्याचेही चढवले. दिवे लागायच्या आत परांचीवरचे दोन मजूर आले. एकाच्या हातात त्याची थापी होती.

लोक म्हणाले, ज्याचे त्याचे नशीब. नवऱ्यानेही समजूत घातली, की तू त्याचे मन राखलेस.

"पालथं घातलं असतं, तर आणखी तीन वर्षं बोलला नसता," ती म्हणाली. "नसता बोलला."

गुत्ता पुन्हा उघडला नाही. बाकडी गेली, फळी सरपणाला गेली. मी वरच्या फडताळात पालथे पडून आहे. माझ्यावर हिरवा थर चढला होता. गेल्या महिन्यात नातसुनेने हौसेने मला चिंचेने घासले आणि माझ्यात फुले ठेवली. आता ती खमकी सून स्वतःच म्हातारी झाली आहे. तिने फुले काढून घेतली आणि मला होते तसे ठेवले.

मला चकचकीत करा असे मी सांगत नाही. उद्या तुमच्याही घरात कोणी तरी लाडाने पेला पुढे करील. तेव्हा माप पालथे घालताना तुमचा हात अडू देऊ नका. रुसले तर रुसू द्या. रुसलेले माणूस उशिरा का होईना, परत येते. तोही एकदा आला होता.