फळ्याची खालची बाजू

"रुपरावजी, हे पुसू नका," तुळसाबाई म्हणाली.

सकाळचे सहा वाजले होते. माझ्या एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात पेपर. विहाराच्या भिंतीवरचा फळा रोज सकाळी पुसायचा. मग वरच्या बाजूला पेपरातल्या चार बातम्या, नळ किती वाजता येणार, रेशनच्या दुकानात साखर आली की नाही, वस्तीत कोणी वारलं असल्यास त्याचं नाव, एवढं लिहायचं आणि साडेसातला सायकल काढून रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जायचं, हा माझा चौदा वर्षांचा नेम. फळा वस्तीचा होता, पण खडूच्या डब्याची किल्ली माझ्या खिशात असायची. या गोष्टीचा मला किती अभिमान होता, ते आता सांगायला लाज वाटते.

हे चौऱ्याहत्तर सालचं, दसऱ्याच्या आठ दिवस आधीचं. फळ्याच्या खालच्या बाजूला तिच्या मोठ्या, एकीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'छपन साली मी दीक्षेले गेली नव्हती. यादीत माझं नाव चुकीचं हाये.'

"तुळसाबाई, डोकं ठिकाणावर हाये का तुमचं?"

"हाये. म्हणून तं लिवलं."

मी पुसलं. तिच्यासमोर, दोनदा फडकं फिरवून पुसलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग "उद्या आणखी लिवीन" म्हणाली आणि पाण्याचा गुंड उचलून नळावर गेली.

आता ही बाई कोण आणि ही यादी कसली, ते सांगायला हवं.

तुळसाबाई मेश्राम म्हणजे आमच्या वस्तीतली बिड्या वळणारी बाई. वय पंचेचाळीसच्या पुढं. नवरा लहानू मिलमध्ये होता, तो चार वर्षांपूर्वी वारला. एकुलता एक मुलगा मधुकर कळमेश्वरच्या कारखान्यात लागलेला. बाईच्या तोंडाला कुलूप. नळावर कोणी तिचा गुंड मागे सारला तरी ती गुमान मागच्या नंबरवर जायची. कोणी काही विचारलं तर शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघायची, जणू उत्तर तिच्याकडेच आहे.

त्या वर्षी तारा नावाच्या वस्तीतल्याच एका मास्तरणीनं बायकांसाठी विहारात दुपारचा वर्ग काढला. सहा महिन्यांत बायका अक्षरं जुळवू लागल्या. मग ही पोरगी माझ्याकडे आली.

"मामाजी, बायकांच्या हाताले सराव पाहिजे. अर्धा फळा द्या ना."

अर्धा कसला! मी खालचा हातभर भाग दिला. वर आणि एक अट घातली: चांगला विचार लिहायचा, खाजगी मजकूर लिहायचा नाही. तारा "हो मामाजी" म्हणाली, आणि तिनं ती अट एकाही बाईला सांगितली नाही.

पहिले काही दिवस 'स्वच्छता ठेवा', 'मुलांना शाळेत घाला' असं ठीक चाललं होतं. मग तुळसाबाईची पाळी आली. तिनं लिहिलं: 'मले वांग्याची भाजी आवडत नाही. तीस वर्सापासून खाऊन राहिली.'

त्याच दिवशी मी वर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं राजीनामा दिल्याची बातमी लिहिली होती. चांगली तीन रंगांच्या खडूंनी. आणि लोक वाकून खालचं वांगं वाचत होते. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर तिच्या ओळीखाली दुसऱ्या कुण्या हातानं लिहिलेलं: 'मले बी नाही.' त्याच्याखाली तिसरा हात: 'मंग करता काहून?' मी मनात म्हटलं, बोंबला! झाला फळ्याचा बाजार.

पुढं मात्र ती थांबली नाही. दर दोन-तीन दिवसांनी तिची नवी ओळ येई; बाकीच्या बायका आपली पाळी तिला देऊन टाकत. 'भिवापूरले मिरच्या खुडाले जात होती. हात जळत. माय ताक लावे.' मग: 'लग्नात मी झोपली होती. मामानं उचलून माळ घातली.' मग: 'पयली पोरगी आठ दिवसाची गेली. नाव ठेवलं नव्हतं. मी मनात ठेवलं होतं.' त्या दिवशी फळ्यासमोर कोणी हसलं नाही. नत्थूजी पानवाला, जो कुणाच्या मयतालाही मस्करी सोडत नसे, तो वाचून चष्मा पुसत उभा होता. खाली कोणीतरी लिहिलं, 'काय नाव ठेवलं होतं?' दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर लिहिलं: 'चंद्रकला.'

बाई बदलू लागली. नळावर एकीनं तिचा गुंड सारला, तर हिनं तो उचलून पुन्हा पुढं ठेवला. "नंबर माझा हाये वं," एवढंच म्हणाली. रेशनवाल्यानं माप कमी घातलं, तर काटा पुन्हा लावायला सांगितला. रस्त्यानं पोरं "बाई, उद्या काय लिवता?" विचारायची आणि ती चक्क हसायची. मला राग येई. चौदा वर्षं मी बातम्या लिहितो आहे, मला कोणी असं विचारलं नव्हतं.

आता यादी.

सहासष्ट साली बौद्ध धम्माच्या दीक्षेला दहा वर्षं झाली, तेव्हा वस्तीतून छप्पन साली प्रत्यक्ष मैदानावर कोण कोण होतं, त्याची यादी करायचं ठरलं. ती मी केली. घरोघरी गेलो, दारातूनच विचारलं. पुरुष सांगत गेले, मी लिहीत गेलो. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी विहारात मी ती यादी वाचायची, आणि ज्याचं नाव येईल त्याला भंतेजी फूल द्यायचे. त्या माणसांना पहिली रांग. नव्यानं दीक्षा घेणारे, म्हणजे बहुतेक बाहेरगावाहून आलेल्या सुना, मागच्या सतरंजीवर. बायकांच्या पहिल्या रांगेत अकरा जणी होत्या. तुळसाबाई त्यातली सहावी.

लहानूनं मला सांगितलं होतं, "लिवा, सारं घर गेलो होतो." मी लिहिलं: लहानू, तुळसाबाई, मधुकर. आणि मधुकरपुढं कंसात 'आईच्या कडेवर' हे माझ्या मनानं टाकलं. वाचायला बरं वाटतं म्हणून. तो तेव्हा चार वर्षांचा होता.

मधुकरनं ते दोन शब्द छातीशी धरले. शाळेत निबंध त्यावर, तरुण मंडळात भाषण त्यावर. "मी आईच्या कडेवरून तो सोहळा पाहिला," असं म्हणून तो क्षणभर थांबायचा आणि टाळ्या पडायच्या.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाईनं पुन्हा तेच लिहिलं. मी पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच गेलो, तर ही पायरीवर बसलेली.

"का मांडलं हे?" मी विचारलं. "अठरा वर्सं झाली. कोणाले काही त्रास हाये का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमच्यासाठी अशीन," ती म्हणाली. "मी लहानपणापासून लिवत आली. मिरच्या लिवल्या, लगीन लिवलं, पोरगी लिवली. आता छपन सालापाशी आली. तिथं काय लिवू?"

"गेली होती म्हणून लिवा."

"कशी लिवू? मधूले गोवर निंगाला होता. सासू म्हणे, घरात माता आली, उंबरठा वलांडायचा नाही. हे गेले. मी दाराच्या फटीतून पाहून राहिली. पांढरे कपडे घालून सारी वस्ती चालली होती. मी पोराच्या अंगाले लिंबाचा पाला फिरवून राहिली होती. रोज वंदना म्हणतो रुपरावजी, पण मले दीक्षा कोणं देल्ली? मले घ्यायची हाये. आता पयल्या रांगेत बसून मागच्या सतरंजीवरची दीक्षा मागू कशी?"

मी फडकं पिळलं. मी पुसलं. खरं सांगायचं तर तिच्या अब्रूची मला काही पडली नव्हती. यादी माझी होती.

संध्याकाळी मधुकर माझ्या घरी आला. सायकल माझ्या भिंतीला आदळूनच लावली.

"मामाजी, बुढीले आवरा. कारखान्यापर्यंत गोष्ट गेली. पोट्टे माझ्या तोंडावर हसून राहिले. म्हणते, कडेवर होता की खाटेवर?"

"मी तं पुसून राहिलो गा."

"पुसून काय होते? लोकं तुमच्या आधी उठून वाचते." मग त्याचा आवाज खाली आला. "मामाजी, तुम्ही तं यादी केली. मी होतो ना तिथं?"

त्या वेळी कंसातल्या शब्दांचं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "यादीत हाये ना तुह्यं नाव." माझी बायको देवकी आतून चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवला आणि आत गेली. मधुकरनं चहा घेतला नाही. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं म्हणे, असं करशील तर मी त्या दिवशी विहारात पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, "नको ठेवू, बापा." आणि रात्रभर रडली. हे शेजारणीनं सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विहार भरला. मी यादी घेऊन उभा राहिलो. पुरुषांची नावं झाली. बायकांची सुरू केली. पाच झाली. सहावं नाव वगळून सातवं वाचावं असं मनात आलं होतं, पण तुळसाबाई पांढरं लुगडं नेसून माझ्याकडेच बघत होती. मी वाचलं.

ती उठली, पण फुलाकडे गेली नाही. लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"मी गेली नव्हती," ती म्हणाली. "पोराले गोवर होता. पोरगा बी नव्हता गेला. त्याची चूक नाही, मीच त्याले कधी सांगतलं नाही. मले आज दीक्षा घ्यायची हाये." आणि दोन्ही रांगांच्या मधून चालत जाऊन ती मागच्या सतरंजीवर, दोन नव्या सुनांच्या शेजारी बसली.

कोणी खाकरलं. मागून कुण्या टवाळानं "वारे वा" म्हटलं. भंतेजींनी हात वर केला, तसं सगळं गप्प झालं. मी घाईघाईनं पुढचं नाव वाचलं, "पार्वतीबाई."

पार्वतीबाई उठली. सत्तरीची बाई, ऐकू कमी येई म्हणून मोठ्यानं बोलायची. "म्हैस व्याली होती त्या दिवशी!" ती म्हणाली. लोक हसले. ती नाही हसली. काठी टेकत मागं गेली. तिच्यामागोमाग बायजाबाई उठली, तिनं कारणही सांगितलं नाही. मी यादीत बघत होतो, पण अक्षरं दिसत नव्हती.

आणि मग देवकी उठली. बायकांच्या यादीत तिचं नाव सर्वांत आधी होतं. ते लिहिताना मी कुणाला विचारलंच नव्हतं. तिला तिचं फूल मिळून चुकलं होतं. ते तिनं भंतेजींच्या पायाशी परत ठेवलं.

"आमच्या घरी अठरा पावणे होते, भंतेजी," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. "उमरेडकडचे. दोन दिवस चूल इझली नाही."

पाहुणे मीच आणले होते. पहाटे त्यांना घेऊन मैदानावर गेलो, दंडाला फीत बांधून दिवसभर माणसं बसवत होतो. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन परत आलो, तर गरम भाकरी तयार होत्या. मी तीन खाल्ल्या. ती कुठंतरी बायकांच्या गर्दीत असेल असं मी धरून चाललो होतो. अठरा वर्षं धरून चाललो होतो.

भंतेजींनी मागच्या सतरंजीवरच्या सगळ्यांना उभं केलं आणि एकेक प्रतिज्ञा सांगितली. सुनांचे आवाज हळू होते. तुळसाबाईचा आवाज दारापर्यंत जात होता. दाराबाहेर मधुकर सायकल धरून उभा होता. आत आला नाही, गेलाही नाही. आई शेवटची प्रतिज्ञा म्हणत होती तेव्हा त्यानं मान खाली घातली होती.

नंतर नोंदवहीत नावं लिहायची होती. लिहिणारा मीच. टेबलासमोर रांग लागली. तुळसाबाईनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपलं नाव स्वतः लिहिलं, एकीकडे झुकलेल्या अक्षरांत, दोन रकाने अडवून. पेन परत देऊन ती बाहेर गेली. सायकलजवळ मायलेक काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तो सायकल हातात धरून चालू लागला आणि ती त्याच्या मागून.

पार्वतीबाई झाली, बायजाबाई झाली. मग देवकी टेबलासमोर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि मी तिला "ऐकलं का" यापलीकडे कधी हाक मारली नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं. मागं रांग खोळंबली होती. इतरांना विचारलं तसं तिलाही विचारणं भाग होतं.

"नाव?"

"देवकी," ती म्हणाली, आणि मी लिहीपर्यंत थांबली.