बसायला कुणी असेल तर सांगा

मित्रांनो, मी लाकडाची एक म्हातारी खुर्ची आहे. माझ्या पाठीला भेगा पडल्या आहेत आणि डावा हात हलतो. मुरुमच्या बाजारापासून दोन कोसांवर शिरगूरवाडी नावाचे गाव आहे. त्या गावच्या शाळेत मी राहते. लोक मला ‘मोठ्या मास्तरांची खुर्ची’ म्हणतात. नाव ऐकायला चांगले आहे. पण मोठे मास्तर कुठे आहेत, असे कुणी विचारले की मला गप्प बसावे लागे. ते दुखणे आज तुम्हांला सांगते.

निजाम सरकारने वाडीला चार इयत्तांची शाळा मंजूर केली, तेव्हा माझा जन्म झाला. ओढ्याकाठची एक जुनी बाभूळ वादळात पडली होती. गावचे सुतार धुळाप्पा यांनी तिच्या खोडातून मला घडवले. बाभळीचे लाकूड चिवट असते. त्यांची करवत पुन्हा पुन्हा अडे आणि ते तिला शिव्या देत. काम संपल्यावर मात्र त्यांनी मला तेल लावून उन्हात ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवले.

पहिले मोठे मास्तर भीमाशंकर नावाचे होते. त्यांनी शाळा नावारूपाला आणली. ते माझ्यावर फार बसत नसत. मुलांच्या रांगांमधून सारखे फिरत असत. दुपारी मुले भाकरी खायला गेली की ते येत, पगडी माझ्या हातावर ठेवत आणि डोळे मिटून टेकत. त्यांच्या काळात वाडीतली मुले मुरुमच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. फळ्यावरचे अक्षर दिसेना, तेव्हा १९४२ साली ते काम सोडून मुलाकडे तुळजापूरला गेले. जाताना त्यांनी माझी पाठ चाचपली. त्यानंतर माझे वाईट दिवस सुरू झाले.

शाळेत दुसरे मास्तर होते, वीरप्पा. ते वाडीचेच, गरीब कोष्ट्याच्या घरचे. मराठी आणि कानडी दोन्ही छान शिकवत. त्या काळी मोठ्या मास्तराच्या जागेसाठी सरकारची उर्दूची परीक्षा आणि प्रशिक्षण लागे. वीरप्पांचे ते झालेले नव्हते. म्हणून ते एकटे चारही इयत्ता सांभाळत. पहिली-दुसरीला आत पाढे म्हणायला लावत आणि तिसरी-चौथीला ओसरीवर गणिते घालत. आतली मुले भांडू लागली की आत धावत, बाहेरची उठून गेली की बाहेर धावत. पाय दुखले तर ते उंबऱ्यावर बसत. माझ्यावर कधीच बसले नाहीत.

“मास्तर, टेका की खुर्चीवर,” कुणी म्हणाले तर ते हसत.

“हुकूम न्हाय मला,” ते म्हणत. “हुकूम आला की बसंन.”

सरकारने एकदा माणूस पाठवला खरा. औरंगाबादकडचे, उर्दूतच वाढलेले एक तरुण मास्तर आले. ते उर्दूतून शिकवत आणि मुलांना काही कळत नसे. मुले मराठीतून उत्तर देत आणि मास्तरांना काही कळत नसे. माणूस भला होता. संध्याकाळी माझ्यावर बसून रस्त्याकडे बघत राही. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आला नाही. त्यानंतर शाळाखात्याच्या कचेरीकडून फक्त उत्तरे येत राहिली की माणूस बघतो आहोत.

पण मित्रांनो, सगळा दोष मी कचेरीला देणार नाही. एका वर्षी कचेरीने विचारले की गावाच्या माहितीत कुणी परीक्षा झालेला माणूस असेल तर सगळ्यांनी मिळून नाव कळवा, त्याला नेमू. मला केवढा आनंद झाला. त्या आनंदावर गावच्या दोन मोठ्या माणसांनी पाणी ओतले.

एक होते शरणबसप्पा सावकार. त्यांचे मुरुमला धान्याचे दुकान होते. त्यांना आपल्या मेव्हण्याचा मुलगा बसवायचा होता. दुसरे दगडोबा पाटील. त्यांची जमीन ओढ्याच्या दोन्ही बाजूंना होती. त्यांना आपला जावई हवा होता. दोघांचेही उमेदवार परीक्षा पास होते. दोघांपैकी कुणीही चालेल, असे वीरप्पा मास्तर हात जोडून सांगत. पण सावकारांचा माणूस आला तर पाटलांचे लोक मुले काढून घेणार होते आणि पाटलांचा आला तर सावकारांचे. दोघांची माणसे वेगवेगळी कचेरीत गेली. तिथून निरोप आला की आधी तुमचे एक ठरवा.

ते ठरायला वर्ष गेले आणि ठरले नाहीच. बैठका माझ्यासमोर शाळेतच होत. पाटील खुर्चीवर बसले तर सावकारांना राग येईल आणि सावकार बसले तर पाटलांना, म्हणून दोघेही खाली सतरंजीवर बसत. मी मधे रिकामी. मला रोज पुसून, वर धुतलेली चादर घालून ठेवत. माझा मान राखण्यात कुणी कसूर केली नाही. तिकडे कौले सरकली होती आणि पाऊस दुसरीच्या मुलांच्या पाट्यांवर पडत होता. चौथीची मुले एकेक करून गुरांमागे गेली. मुली तर आधीच थोड्या होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. मला ओरडावेसे वाटे. पण लाकडाला फार तर करकरता येते.

मग तालुक्याहून शाळा तपासणारे साहेब आले. ते वयस्क, थकलेले होते. त्यांनी मुले मोजली आणि मान हलवली. माझ्यावरची चादर उचलून माझ्या हातावरून बोट फिरवले. धूळ लागली नाही.

“एवढी साफ खुर्ची मी कुठल्या शाळेत पाहिली नाही,” ते म्हणाले. “बसायला कुणी असेल तर सांगा.”

पाटील आणि सावकार एकदम बोलू लागले. साहेबांनी हात वर केला.

“पुढच्या दौऱ्यात असंच दिसलं तर शाळा बंद करून मुरुमला जोडावी लागेल. लहान मुलं दोन कोस चालत जाणार नाहीत, हे मलाही कळतं. पण माझा नाइलाज आहे.”

साहेब गेल्यावर पुन्हा बैठक भरली आणि पुन्हा तेच भांडण सुरू झाले. दारात कडूबाई उभी होती. ती पाटलांची विधवा चुलती. तिची नात दुसरीत होती. ती आत आली आणि पुतण्यासमोर उभी राहिली.

“दगडू, एक सांग. आज सकाळी माझ्या नातीला कुणी शिकवलं?”

“वीरप्पा मास्तरांनी,” पाटील म्हणाले.

“काल?”

“त्यांनीच. पण काकी, त्यांची परीक्षा न्हाय झाली.”

“मग द्यायला लावा की परीक्षा. तुमच्या जावयापायी आन् सावकारांच्या भाच्यापायी शाळा जायाची येळ आली.”

वीरप्पा मास्तर खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, “मी जाईन, मावशी. पण परीक्षेसाठी गुलबर्ग्याला जाऊन ऱ्हावं लागतं. वर्ष तरी जाईल. तवर पोरांकडं कोण बघंल? म्हणूनच गेलो न्हाय मी इतके दिवस.”

 इतकी वर्षे ते का गेले नाहीत, हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

तेव्हा कडूबाई सावकारांकडे वळली. “सावकार, तुमची महानंदा सोलापूरला सात बुकं शिकलीया. ती काय करती घरी?”

महानंदा ही सावकारांची लेक. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती. सावकारांचा चेहरा उतरला.

“विधवा पोर हाय, कडूबाई. चार लोकांत पाठवली तर लोक काय म्हणतील?”

“मी बसती की दारात. शाळा सुटंस्तवर बसती. कोण काय म्हनतं ते माझ्याम्होरं म्हनू द्या.”

सावकार त्या दिवशी उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशीही कुणी आले नाही. मला वाटले, झाले, संपले. पण त्या आठवड्यातच महानंदा शाळेच्या पायऱ्या चढून आली. मागे कडूबाई गोधडीचे शिवण घेऊन आली आणि दारात बसली. वीरप्पा मास्तर गुलबर्ग्याला गेले.

महानंदाअक्कांचा आवाज पहिले काही दिवस मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. मुले हसत. एकदा त्या फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलांना दिसले नाही, पण मला दिसले. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी डोळे पुसले, वळल्या आणि हसणाऱ्या मुलालाच कविता म्हणायला उभे केले. तेव्हापासून त्यांचा आवाज मोठा झाला.

सुगीत मुले शेतावर जात आणि शाळा ओस पडे. अक्कांनी सुगीपुरती शाळा सकाळी लवकर भरवून न्याहारीच्या वेळी सोडायला सुरुवात केली. मग आईबाप मुलांना पाठवू लागले. त्या घरोघर जाऊन मुलींना मागून आणत. “धाकट्या भावाला कडेवर घेऊन ये, पण ये,” म्हणत. पाटलांच्या गड्यांनी आणि सावकारांच्या हमालांनी एकाच शिडीवर चढून कौले नीट केली. दारात कडूबाई कधी शिवे, कधी डुलकी घेई. पुढच्या दौऱ्यात तेच साहेब आले, मुलींकडून धडा वाचून घेतला आणि शाळा बंद करण्याचे बोलले नाहीत. पण मुलांच्या शाळेत बाईला मोठे मास्तर म्हणून नेमता येत नाही, असे सांगून गेले. अक्का अजूनही जमिनीवरच बसत होत्या.

वीरप्पा मास्तर परीक्षा पास होऊन परतले. या वेळी पाटील आणि सावकार दोघे एका बैलगाडीतून कचेरीत गेले आणि वीरप्पांचे नाव सांगून आले. आता हुकूम आठवड्याभरात येईल, असे सगळ्यांना वाटले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हुकूम आला नाही. आणि मग १९४८ चे धामधुमीचे दिवस आले.

गावे भीतीने रिकामी होऊ लागली. कित्येक घरे निजामाच्या हद्दीपलीकडे सोलापूरकडे गेली. शाळा बंद पडली आणि तिथे निजामाच्या बंदूकवाल्यांचा नाका बसला. इतक्या वर्षांनी माझ्यावर रोज कुणीतरी बसू लागले. तो एक जमादार होता. तो बूट माझ्या पुढच्या पायांवर घासत असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावत असे. त्याने बंदुकीचा दस्ता आपटला तेव्हाच माझा डावा हात सैल झाला. रिकामेपण बरे होते, असे मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटले.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामाची सत्ता गेली आणि माणसे परत घरी आली. वीरप्पा मास्तर आणि महानंदाअक्का यांनी मिळून शाळा झाडली. मास्तरांनी मला ओढ्यावर नेऊन घासून धुतले. काही महिन्यांनी हुकूम आला. सारे गाव शाळेपुढे जमले. मास्तरांनी हुकूम वाचला आणि कागद खाली घेतला.

“मोठे मास्तर केलंय मला,” ते म्हणाले. “पण इथं न्हाय. परंड्याकडच्या एका गावात. तिथली जागा रिकामी हाय म्हणं.”

“आन् इथली?” पाटलांनी विचारले.

“इथं माणूस बघत हायेत.”

कुणी रागावले, कुणी कपाळाला हात लावला. सरकार बदलले होते, पण उत्तर तेच होते. मास्तर जाणार नाही म्हणाले असते तर नोकरीच गेली असती. शेवटी सावकारांनीच त्यांना समजावले, “जा मास्तर. तिथल्या पोरांनाबी कुणीतरी पाहिजेच की.”

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी शाळा भरली. महानंदाअक्का नेहमीप्रमाणे जमिनीवर बसायला लागल्या, तेव्हा त्यांचे वडील ओसरीवर आले. शरणबसप्पा सावकार आता थकले होते. त्यांनी मला कोपऱ्यातून ओढत आणले आणि फळ्याजवळ ठेवले. वरची चादर काढून घडी केली आणि खांद्यावर टाकली.

“बस, अव्वा,” ते लेकीला लाडाने म्हणाले.

“अप्पा, मला हुकूम न्हाय,” अक्का म्हणाल्या.

“हुकमाची वाट बघत आम्ही सात वर्षं घालवली. त्यातलं एक तर आमच्याच भांडणात गेलं. येईल तवा येईल. तू बस.”

अक्का पदर सावरून माझ्यावर बसल्या आणि पहिलीच्या मुलांना पाट्या काढायला सांगितल्या.

मित्रांनो, ही याच वर्षाची, १९४९ ची गोष्ट आहे. अक्कांच्या नावाचा हुकूम अजून आलेला नाही. पाटील आणि सावकार दर महिन्याला कचेरीत जातात आणि चिडून परत येतात. मीही चिडते, कारण अक्का चारही इयत्ता एकट्याच सांभाळतात आणि दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसतो. तुमच्याही गावात शाळा असेल. तिथली मोठ्या मास्तरांची जागा कधी रिकामी झाली तर आपला माणूस कोणता, हे भांडत बसू नका. मुलांपुढे रोज कोण उभे राहते ते बघा, त्याला काय कमी पडते ते विचारा आणि ते मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहा. माझा डावा हात तेवढा कुणीतरी ठोकून द्या. अक्का लिहिताना त्यावर कोपर टेकतात आणि तो हलतो.